चांदण्यातली भटकंती अन् रानातले फोटो : फोटो शेअर करा, पत्ता नको! असं का? समजून घ्या

यंदा बुद्धपौर्णिमा १ मे रोजी, शुक्रवारी आली आहे. महाराष्ट्र दिनाची सुट्टी आणि तिला जोडून शनिवार-रविवार. त्यामुळे 'चांदण्यात कुठे निघायचं?' हा विषय मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रंगणार, हे उघड आहे. वाशीम जिल्ह्यात याची उत्तरंही ठरलेली असतात. कुणी कारंजा-सोहोळ म्हणतं, कुणी काटेपूर्णा, तर कुणी आपल्याच शिवारातला माळ सुचवतं.

भटकंतीत गैर काहीच नाही. अडचण बऱ्याचदा घरी परतल्यावर सुरू होते. काळविटाच्या कळपाचा फोटो, त्यावर गावाचं नाव, खाली लोकेशनची पिन आणि 'उद्या तुम्हीही या' असं आमंत्रण. एवढ्याशा माहितीने काय बिघडतं? आणि रात्री रानात जायचंच असेल तर नियम काय सांगतात? पाहूया.

वाशीमच्या रानात आहे काय?

वाशीमची ओळख घनदाट जंगलाची नाही. इथलं खरं वैभव म्हणजे गवताळ माळरान. कारंजा तालुक्यातलं कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य २००० साली जाहीर झालं. त्याचं क्षेत्रफळ १८.३२ चौरस किलोमीटर आहे. अकोला आणि वाशीम या दोन जिल्ह्यांत पसरलेलं काटेपूर्णा अभयारण्य त्याहून मोठं, ७३.६९ चौरस किलोमीटरचं. दोन्हींचा कारभार अकोला वन्यजीव विभाग पाहतो. समृद्धी महामार्गही याच पट्ट्यातून जातो, त्यामुळे नागपूरहून इथे पोहोचणं आता पूर्वीपेक्षा बरंच सोपं झालं आहे.

काळवीट, रोही आणि रानडुकरं इथे दिवसाही दिसतात. लांडगा, तरस, खोकड आणि रानमांजर मात्र अंधार पडला की जास्त फिरतात. यातले बरेच प्राणी अभयारण्याची हद्द मानत नाहीत, ते शेतशिवारातच वावरतात.

तुलनेसाठी एक आकडा पाहा. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प सुमारे १,७२७ चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे कारंजा-सोहोळच्या जवळपास ९४ पट. 'ताडोबात वाघ दिसला' एवढं सांगून वाघ कुठे आहे ते कळत नाही. 'सोहोळच्या माळावर कळप दिसला' असं म्हटलं, तर शोधणाऱ्याचं अर्धं काम झालेलं असतं. त्यात माळरानावर लपायला झाडी नाही. म्हणून पत्त्याचा प्रश्न इथे जास्त नाजूक ठरतो.

बुद्धपौर्णिमेलाच मचाण का?

वैशाखात विदर्भातले बहुतेक नाले आटलेले असतात. पाणी मोजक्याच पाणवठ्यांवर उरतं, त्यामुळे प्राण्यांना तिथे यावंच लागतं. आभाळ सहसा निरभ्र असतं आणि पूर्ण चंद्र रात्रभर उजेड देतो. पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून रात्रभर नोंदी घेण्याची पद्धत यातूनच रुजली.

पूर्वी याला प्राणीगणना म्हणत. पण एकच प्राणी दोन पाणवठ्यांवर गेला तर तो दोनदा मोजला जाण्याची शक्यता असते, आणि चांदण्यात एक रोही दुसऱ्यापासून वेगळा ओळखणं कठीण. वाघांचा अंदाज आता कॅमेरा ट्रॅपमध्ये टिपलेल्या पट्ट्यांवरून काढतात. म्हणून मचाणावरच्या रात्रीला वन विभाग आता 'निसर्गानुभव' म्हणतो. त्या रात्रीची नोंद म्हणजे नक्की संख्या नव्हे, लोकांनी रान जवळून पाहावं हा तिचा हेतू. प्रत्येक मचाणावर शांत बसायचं, उजेड करायचा नाही आणि सकाळपर्यंत खाली उतरायचं नाही, हे त्यातले मूळ नियम.

कोणत्या अभयारण्यात किती मचाणं, नोंदणी कधी आणि शुल्क किती, हे दरवर्षी ठरतं. त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणारा जुना मेसेज पाहून निघू नका. विभागीय कार्यालयात विचारा, किंवा वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा.

रात्री कुठे जाता येतं, कुठे नाही?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही. पर्यटन, अभ्यास आणि फोटोग्राफीसाठी परवाना कलम २८ खाली मिळतो. म्हणजे 'आम्ही फक्त फोटो काढायला आलो' ही सबब नाही, फोटोग्राफीलाही परवाना लागतो. अभयारण्यात आग लावायला कायद्यानेच मनाई आहे, त्यामुळे शेकोटीचा बेतही बाद.

व्याघ्र प्रकल्पांबाबत नियम आणखी कडक झाले आहेत. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॉर्बेट प्रकरणात निकाल दिला. व्याघ्र प्रकल्पांतलं रात्रीचं पर्यटन बंद करावं आणि गाभा क्षेत्रातल्या पर्यटन भागात मोबाइल वापरू देऊ नये, असे निर्देश त्यात आहेत. त्यामुळे यंदा मेळघाट किंवा ताडोबाकडे जाण्याचा विचार असेल, तर आधी तिथला आजचा नियम विचारणं गरजेचं आहे.

मग उरतं काय? स्वतःचं किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचं शिवार, आणि गावाजवळच्या टेकड्या. त्या टेकड्या वन विभागाच्या ताब्यात नाहीत ना, याची खात्री करायची. धरणाच्या भिंतीवर बसायचं असेल तर पाटबंधारे विभागाला विचारायचं.

फोटोत पत्ता कुठे लपलेला असतो?

मोबाइलने फोटो काढला की चित्रासोबत आणखी माहिती साठते : तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल आणि लोकेशन सुरू असेल तर अक्षांश-रेखांश. अक्षांशातल्या दशांश चिन्हानंतर पाच आकडे असले, तर जागा साधारण एका मीटरपर्यंत नेमकी सांगता येते. दोनच आकडे ठेवले तर ती साधारण एका किलोमीटरच्या अंदाजाने कळते आणि एकच आकडा ठेवला तर ११ किलोमीटरच्या. फोनचं जीपीएस मोकळ्या माळावर काही मीटरच चुकतं. घरट्यापर्यंत पोहोचायला तेवढं पुरतं.

ही माहिती पुढे जाते की नाही, ते फोटो कसा पाठवला यावर अवलंबून असतं.

• व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर लोकेशन गळून पडतं. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ते तसंच राहतं. चांगल्या क्वालिटीसाठी फोटोग्राफर मंडळी नेमकं हेच करतात.

• ईमेल किंवा ड्राइव्हवरून मूळ फाइल दिली, तर लोकेशनही सोबत जातं.

• इन्स्टाग्राम, फेसबुक हे आतले आकडे लोकांना दाखवत नाहीत. पण तिथे आपणच हौसेने जागेचा टॅग लावतो.

• सगळ्यात जास्त सांभाळायची गोष्ट म्हणजे फोटोवरच नकाशा, गाव आणि अक्षांश-रेखांश छापणारी 'जीपीएस मॅप कॅमेरा'सारखी ॲप्स. ग्रामपंचायतीच्या कामापासून पीक पाहणीपर्यंत ती आपल्याकडे सर्रास वापरली जातात, त्यामुळे अनेकांच्या फोनमध्ये असतातच. इथे पत्ता चित्राचाच भाग बनतो. फोटो कसाही पाठवा, किंवा त्याचा स्क्रीनशॉट काढा, तो पुसला जात नाही.

पत्ता फुटला तर बिघडतं काय?

पहिला धोका शिकारीचा. २०१३ मध्ये 'पन्ना-२११' या वाघाच्या सॅटेलाइट कॉलरची माहिती ज्या ईमेल खात्यावर येत होती, त्यात शिरण्याचा प्रयत्न झाला. तो पुण्यातून झाल्याचं तपासात दिसलं. प्रयत्न फसला, पण वाघाच्या लोकेशनमागे कुणीतरी आहे, हे त्यातून कळलं. कॉलर लावलेल्या वाघाच्या माहितीला पासवर्डचं कुंपण असतं. आपण ग्रुपवर टाकलेल्या पिनला काहीच नसतं.

दुसरा धोका गर्दीचा, आणि तो आपल्यासारखेच हौशी लोक करतात. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली. व्हिडिओ पसरला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तिथे निदान गेट होतं, गाड्यांची नोंद होती, कारवाई कुणावर करायची हे ठाऊक होतं. माळरानावर येणाऱ्या दुचाकींची नोंद कुठेच नसते.

तिसरं उदाहरण आपल्याच पट्ट्यातलं आहे. तणमोर हा पक्षी पावसाळ्यात प्रजननासाठी गवताळ माळावर येतो. मादीला आकर्षित करण्यासाठी नर गवतातून उंच उड्या मारतो. फोटोसाठी याहून सुंदर क्षण नाही आणि पक्ष्यासाठी याहून नाजूक काळ नाही. जागतिक स्तरावर तणमोर 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे. अकोला-वाशीम भागात 'संवेदना' ही संस्था फासेपारधी समाजाला सोबत घेऊन माळरानं राखण्याचं काम करते. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या शिकारी म्हणूनच ओळखलं गेलं, तो आज पक्ष्याच्या जागा जपतो. बाहेरून आलेल्या एका पोस्टने तीच जागा उघडी पडू शकते.

रीलसाठी कळपामागे गाडी पळवली तर?

कायद्यातल्या 'शिकार' या शब्दाचा अर्थ फक्त मारणं असा नाही. प्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणं हेही त्यात येतं. काळवीट अनुसूची १ मध्ये आहे. त्याच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद, शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड आहे. गंमत म्हणून केलेली पंधरा सेकंदांची रील स्वतःच पुरावा ठरू शकते.

प्राण्याचं नुकसानही खरं आहे. जिवाच्या आकांताने पळालेलं हरीण त्या ताणाने नंतरही दगावू शकतं. तोवर रील करणारा निघून गेलेला असतो.

चांदण्यातला बेत : चार गोष्टी

चंद्र कधी उगवतो? पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि त्यानंतर रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा. पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी निघालात तर सुरुवातीचा दीड तास काळोखात जाईल. त्रयोदशी-चतुर्दशीला उलट असतं, दिवस मावळताना चंद्र आधीच वर आलेला असतो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. मोबाइलचा टॉर्च एकदा लावला की ही सवय मोडते.

विजेची तार. हा सगळ्यात मोठा धोका. रानडुकरं आणि रोही पीक फस्त करतात, शेतकरी हवालदिल होतो आणि काही जण कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतात. सौर कुंपणातून साधारण सेकंदाला एक, अगदी क्षणभराचा झटका बसतो. थेट लाइनवरची तार मात्र २३० व्होल्टचा सलग प्रवाह देते आणि माणूस तिला चिकटून राहू शकतो. हे बेकायदा आहे आणि यात वाघही मेले आहेत, माणसंही. चांदण्यात बारीक तार दिसत नाही. म्हणून अनोळखी शेतातून आडवाट धरू नका, पांदण सोडू नका आणि निघण्याआधी त्या शेतकऱ्याशी बोला. कोजागरीच्या सुमारास तूर शेतात उभी असते, तेव्हा तर नक्कीच.

साप. घोणस आणि मण्यार रात्री बाहेर पडतात. घोट्याच्या वरपर्यंत बूट घाला, पाऊल टाकण्याआधी पाहा. दंश झाला तर १०८ वर फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा.

लोकेशन कुणाला? घरच्या एका माणसाला लाइव्ह लोकेशन जरूर द्या आणि परतायची वेळ सांगून ठेवा. तुमचं लोकेशन घरच्यांकडे असणं ही सुरक्षितता आहे. प्राण्याचं लोकेशन दोनशे जणांच्या ग्रुपवर जाणं हा धोका आहे.

मग फोटो शेअर कसे करायचे?

• रानात शिरण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. नकाशा छापणारं ॲप वापरू नका.

• गावाऐवजी जिल्हा लिहा. 'वाशीम जिल्हा, उन्हाळा' एवढं पुरे.

• लगेच टाकू नका. प्राणी तिथून हलू द्या, पक्ष्याचा विणीचा हंगाम संपू द्या.

• घरटं, गुहा, पिल्लं आणि तणमोर यांच्याबाबत जागा सांगूच नका. मागे दिसणारा टॉवर, मंदिर, पाटी हेही जागा सांगतात. तेवढा भाग कापा.

• नोंद अभ्यासाला उपयोगी पडावी असं वाटत असेल तर ती आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी द्या. संकटग्रस्त प्रजातींची अचूक जागा तिथे आपोआप झाकली जाते आणि लोकांना साधारण २२ किलोमीटर लांबीचा चौकोनच दिसतो. आपल्याकडे हा चौकोन कारंजा-सोहोळच्या सुमारे २५ पट भरतो. नेमका आकडा नोंदीत सुरक्षित राहतो.

• जखमी प्राणी, फास किंवा विजेची तार दिसली तर मात्र उलट करा. अचूक लोकेशन घ्या आणि ते ग्रुपवर न टाकता १९२६ वर कळवा.

फोटोमुळे रानाचं भलंही होतं. वाशीमसारख्या जिल्ह्यात माळरानाला 'पडीक जमीन' समजण्याची सवय आहे. तिथे काळविटं आहेत, लांडगे आहेत, हे लोकांना फोटोतूनच कळतं, आणि जे माहीतच नाही ते वाचवायला कुणी पुढे येत नाही. म्हणून फोटो काढा आणि दाखवाही. पाहणाऱ्याला काळवीट दिसावं, त्याच्यापर्यंतची वाट नाही.