सूट कोणाला?

परिभाषा निर्विकार असते, तिची समीक्षा करायची नसते, असे मत आपल्या साहित्यविभागांतून अनेकदा ऐकू येते. कवितेतल्या एका विशेषणावर तासभर बोलणारे आपण पगारपत्रकातल्या शब्दांकडे ढुंकूनही पाहत नाही. हे मत मला आळशीच नव्हे, तर घातक वाटते. पुरावा म्हणून अमेरिकेतील नवा मालक कर्मचारी-व्यवस्थापनाच्या पहिल्याच धड्यात जे तीन शब्द शिकतो, ते पाहू.

पहिला शब्द ‘एक्झेम्प्ट’, म्हणजे सूट असलेला. १९३८ च्या ‘फेअर लेबर स्टँडर्ड्‌स ॲक्ट’नुसार आठवड्यात ४० तासांवर काम झाले तर वरच्या तासांना दीडपट दर द्यावा लागतो. ज्यांना ही तरतूद लागू नाही, ते कर्मचारी ‘एक्झेम्प्ट’. रचना नीट पाहा: विशेषण चिकटते कर्मचाऱ्याला, सूट मिळते मालकाला. शब्दाला मानाचा वासही आहे, कारण व्यवस्थापक, अधिकारी, व्यावसायिक या गटात येतात. पण संघराज्याच्या कायद्यात शेतमजूरही जादा कामाच्या दरातून वगळलेलाच आहे. त्याच्या सुटीला मात्र कोणी प्रतिष्ठा म्हणत नाही.

दुसरा शब्दप्रयोग ‘ॲट विल’, म्हणजे इच्छेनुसार. कायद्याने निषिद्ध कारण नसेल, तर मालक केव्हाही कामावरून काढू शकतो आणि कामगार केव्हाही सोडू शकतो. मॉन्टाना वगळता सर्व राज्यांत हेच गृहीत धरले जाते. वाक्य कसे समतोल! पण एकाची इच्छा म्हणजे रिकामी झालेली खुर्ची आणि दुसऱ्याची म्हणजे थकलेले घरभाडे, हा फरक त्या समतोलात दिसेनासा होतो.

तिसरा ‘इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर’. सामाजिक सुरक्षा व मेडिकेअर यांसाठी साधारणपणे कर्मचाऱ्याच्या वेतनातून ७.६५ टक्के कापले जातात आणि तेवढीच भर मालक घालतो. ‘स्वतंत्र’ ठरलेला माणूस दोन्ही वाटे, म्हणजे १५.३ टक्के, स्वतःच भरतो; शिवाय दीडपट दराचा हक्क त्याला नाही. स्वातंत्र्याची किंमत इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी सांगितली असेल.

यावर आक्षेप येईल, की शब्द काहीही असो, निर्णय कायदा करतो. मान्य. किंबहुना माझा मुद्दा तोच आहे. हुद्द्याला ‘मॅनेजर’ म्हटल्याने कोणी एक्झेम्प्ट ठरत नाही. प्रत्यक्ष कामाचे स्वरूप आणि पगाराची पद्धत पाहावी लागते. करारात ‘स्वतंत्र’ लिहिल्यानेही कोणी स्वतंत्र ठरत नाही. नावावर विश्वास ठेवू नका, नावामागचा व्यवहार वाचा, असे हा रूक्ष कायदा बजावतो. समीक्षेचा पहिला पाठ याहून वेगळा काय असतो?

हर्मन मेल्विलची ‘बार्टलबी’ (१८५३) आपण शिकवतो ती नकाराची, एकाकीपणाची कथा म्हणून. त्या नकलनविसाला शंभर शब्दांमागे चार सेंट मिळत, हा तपशील वर्गात किती वेळा उच्चारला जातो? मेल्विलला तो लिहावासा वाटला. आपल्यालाच तो साहित्याबाहेरचा वाटतो. ही सूट मात्र आपण स्वतःच स्वतःला देऊन टाकली आहे.