वजन कुठे जातं?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स सगळ्यांनाच असतं, कॉम्प्युटरवाल्यांनाही. एक बीम काढायचा, एका टोकाखाली त्रिकोण, दुसऱ्या टोकाखाली रोलर, वर दोन-चार बाण, आणि मग सपोर्टच्या रिॲक्शन काढायच्या. केटी टाळायची, पास व्हायचं आणि विसरून जायचं, हा सर्वमान्य रिवाज. आयटीत आल्यावर ह्याचा संबंध काय, असंच सगळे म्हणतात.

माझं मत उलटं आहे. सोनिवलीसारख्या ठिकाणी वीस वर्षांचं कर्ज काढून फ्लॅट घेणाऱ्या प्रत्येकाला निदान हे एक गणित यायलाच हवं.

गणित दोन वाक्यांचं आहे. वरून जेवढं वजन खाली येतं, तेवढंच सगळ्या सपोर्टनी मिळून वर ढकललं पाहिजे. आणि कुठल्याही बिंदूभोवती बीमला फिरवू पाहणारे मोमेंट एकमेकांना रद्द करायला हवेत. बस्स, एवढंच. चार मीटरच्या बीमवर मधोमध ४०० किलो ठेवले तर दोन्ही कॉलमवर २००-२००. तेच वजन डाव्या टोकापासून एक मीटरवर सरकवलं, तर डावीकडे ३०० आणि उजवीकडे १००. वजन तेच, जागा बदलली.

आता गंमत बघा. हाच बीम उजव्या कॉलमच्या पुढे एक मीटर बाहेर काढा. झाली तुमची बाल्कनी. समजा ती साडेतीन मीटर रुंद आहे आणि ग्रिल काढून कडेला साडेचार इंची, मीटरभर उंच विटांची भिंत बांधली. भिंतीचं वजन झालं साधारण ८०० किलो. दोन बीमवर वाटलं तर प्रत्येकाच्या टोकावर ४००. डाव्या कॉलमभोवती मोमेंट घ्या: ४०० गुणिले ५ भागिले ४, म्हणजे उजव्या कॉलमवर ५००! ठेवले ४००, आले ५००. आणि डावीकडची रिॲक्शन उणे १००, म्हणजे तिकडे बीम उचलला जातोय. (खऱ्या इमारतीत बीम-कॉलम एकसंध ओतलेले असतात, आकडे थोडे बदलतील. स्वभाव बदलणार नाही.)

हे सगळं आता का? कारण बदलापूरहून लोकल पकडली की अंबरनाथनंतरचं स्टेशन उल्हासनगर. तिथे १५ मे २०२१ रोजी मोहिनी पॅलेस आणि २८ मे २०२१ रोजी साईशक्ती, दोन आठवड्यांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. साईशक्तीत सात माणसं गेली. दोन्हीकडे वरच्या मजल्याचा स्लॅब पडला आणि खालचे स्लॅब सोबत घेऊन गेला.

असं का होतं, त्याचंही गणित सोपं आहे. घराच्या स्लॅबवर माणसं, फर्निचर, सामान वगैरे धरून चौरस मीटरला २०० किलो एवढा भार आपल्या भारतीय मानकात गृहीत धरतात. पाच इंची स्लॅबचं स्वतःचं वजन त्याच एका चौरस मीटरला ३०० किलोच्या वर. म्हणजे वरचा स्लॅब नुसता अलगद खालच्यावर ठेवला, तरी हिशेब चुकला. आणि तो अलगद येत नाही. अचानक टाकलेलं वजन, अगदी शून्य उंचीवरून टाकलं तरी, दुप्पट ताण देतं. इथे तर मजलाभर उंची!

त्या वेळी उल्हासनगरात १९९०च्या दशकातल्या बांधकामांत वापरलेल्या उलवा रेतीची बरीच चर्चा झाली. ती व्हायलाच हवी. पण ती झाली ताकदीची बाजू. मागणीची बाजू आपण रहिवासी रोज वाढवत असतो, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

जुनी फरशी न काढता त्यावर नवीन टाइल्स टाकल्या, तर दोन इंच मसाल्यासकट चौरस मीटरला सुमारे १२० किलो झाले. म्हणजे २०० पैकी निम्म्याहून जास्त कोटा सोफा यायच्या आधीच संपला. गच्चीवर नवीन टाकी ठेवली, तर मीटरभर पाण्याचे चौरस मीटरला १००० किलो. "एवढ्याने काय होतंय" असं प्रत्येक फ्लॅटवाला स्वतःपुरतं म्हणतो, आणि कॉलम बिचारा सगळ्यांची बेरीज करत बसतो.

लोक म्हणतील, फॅक्टर ऑफ सेफ्टी असतो ना? असतो, भारावर दीडपट धरतात. पण तो अंदाजातल्या अनिश्चिततेसाठी. आपल्या रिनोव्हेशनचं ते बजेट नव्हे.

कायदा काय विचारतो? वय. महापालिका हद्दीत तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक. सोसायटीच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीला पाच वर्षांतून एकदा, त्यापुढे तीन वर्षांतून एकदा. नियम चांगलेच आहेत, पण कोसळलेल्या त्या दोन्ही इमारती तीस वर्षांच्या झाल्याच नव्हत्या. आमच्या धंद्यात कोणी सर्व्हरचं वय बघून गप्प बसत नाही. त्यावर आज किती लोड आहे ते बघतो. इमारतीच्या बाबतीत मात्र डिझाइनच्या दिवशी एकदा हिशेब झाला की पुढची पंधरा वर्षं कोणी विचारत नाही.

उल्हासनगरची अनधिकृत बांधकामं नियमित करायला २००६ मध्ये खास कायदा झाला. कागद असा नियमित होऊ शकतो. बीमला दंडाची पावती दाखवता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. सोसायटीचा ताबा घेताना पार्किंगवरून भांडतो, तसं आरसीसी ड्रॉइंगसाठीही भांडा. सोसायटीत एक साधी वही ठेवा: कुठल्या फ्लॅटने कुठे काय वाढवलं, अंदाजे किती किलो. भिंत, टाकी, बाल्कनी ह्यांना हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र, आणि ते नसेल तर सेक्रेटरीने सरळ नाही म्हणायचं. त्यावरून वाईटपणा येईल, तो घ्यावा. खालच्या मजल्यावर राहणाऱ्याचा तेवढा हक्क आहे, कारण वरच्याने ठेवलेलं वजन शेवटी त्याच्याच घरातल्या कॉलममधून जमिनीत जातं.