उसन्या मतांचा हिशेब

४ जून २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीचे निकाल लागले, तेव्हा दिल्लीत कोणत्याही एका पक्षाच्या पदरात बहुमत पडले नाही. भारतीय जनता पक्ष २४० जागांवर थांबला. २७२ चा आकडा गाठण्यासाठी त्याला तेलुगू देसमचे १६ आणि संयुक्त जनता दलाचे १२ यांसह मित्रपक्षांचे खासदार सोबत घ्यावे लागले. त्याच दिवशी दक्षिण मुंबईतून शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे अरविंद सावंत ५२ हजार ६७३ मतांनी, तर दादर-माहीमचा समावेश असलेल्या दक्षिण मध्य मुंबईतून अनिल देसाई ५३ हजार ३८४ मतांनी निवडून आले. हा लालबाग-परळच्या निष्ठेचा विजय, असे मानण्याचा मोह कोणालाही व्हावा. आकडे मात्र निराळेच काही सांगतात.

दक्षिण मुंबईत मलबार हिलने शिवसेना शिंदे गटाच्या यामिनी जाधव यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी दिली. लालबाग-परळ ज्या शिवडी मतदारसंघात येते तो आणि वरळी, या गिरणगावच्या दोन मतदारसंघांतील सावंत यांची आघाडी मिळून साडेतेवीस हजारांच्या आसपास होती. ती मलबार हिलची भरपाई करण्यासही अपुरी होती. सावंत यांना तारले ते भायखळा आणि मुंबादेवी यांनी. दोन्ही ठिकाणी त्यांना चाळीस हजारांहून अधिक आघाडी मिळाली. भायखळ्यात मराठी चाळीही आहेत, हे खरे. पण नागपाडा, मदनपुरा, डोंगरी येथील मुस्लिम मतदारांनी 'मशाल' हाती घेतली नसती, तर ही जागा राखणे अवघड होते.

१९९२-९३ च्या दंगलींच्या जखमा ज्या वस्त्यांनी सोसल्या आणि ज्या दंगलींसंदर्भात श्रीकृष्ण आयोगाने शिवसेनेवर ठपका ठेवला, त्याच वस्त्यांनी शिवसेनेच्या एका गटाला मते द्यावीत, हे कसे घडले? त्याचे मूळ २०१९ च्या सत्तापेचात आहे. त्या वर्षी विधानसभेत भाजपला १०५ आणि शिवसेनेला ५६ जागा मिळूनही मुख्यमंत्रिपदावरून युती तुटली. राष्ट्रपती राजवट आणि पहाटेचा शपथविधी असा ३५ दिवसांचा खेळ संपला, तो २८ नोव्हेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवरील उद्धव ठाकरे यांच्या शपथविधीने. काँग्रेस व राष्ट्रवादीसोबतच्या किमान समान कार्यक्रमात धर्मनिरपेक्ष मूल्यांचा उल्लेख आला आणि अल्पसंख्याक मतदारांसाठी एक दार किलकिले झाले.

त्या दारातून मते आत आली. माणसे मात्र बाहेरच राहिली. २०२४ मध्ये महाविकास आघाडीने राज्यातील ४८ पैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नाही. काँग्रेसच्या नसीम खान यांनी त्याविरोधात प्रचारकपद सोडले. निकालानंतर महाराष्ट्रातून एकही मुस्लिम खासदार लोकसभेत गेला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वक्फ विधेयक मांडले गेले, तेव्हा खासदारांच्या गैरहजेरीवरून 'मातोश्री'बाहेर निदर्शने झाली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये ठाकरे गटाने विधेयकाविरुद्ध मतदान केले, हेही नोंदवले पाहिजे. मात्र त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये बाबरी पाडल्याच्या वर्षदिनी मिलिंद नार्वेकर यांनी प्रसिद्ध केलेल्या संदेशावरून समाजवादी पक्ष आघाडीतून बाहेर पडला होता.

दिल्लीतील अनुभवही फारसा वेगळा नाही. बहुमत नसलेल्या सरकारला मित्रपक्ष लगाम घालतील, ही अपेक्षा वक्फ विधेयकाने फोल ठरवली. तेलुगू देसम आणि संयुक्त जनता दल सरकारच्या बाजूने उभे राहिले आणि लोकसभेत विधेयक २८८ विरुद्ध २३२ मतांनी संमत झाले. त्रिशंकू कौल छोट्या पक्षांचे मोल वाढवतो. त्यांना मते देणाऱ्या अल्पसंख्याकांचे मोल आपोआप वाढतेच असे नाही.

या उसनवारीची मुदत किती, याचे उत्तर जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत दिसू लागले. शिवाजी पार्कवरूनच २०२२ मध्ये मशिदींवरील भोंग्यांचा प्रश्न पेटवणाऱ्या मनसेशी ठाकरे गटाने युती केली, काँग्रेसने वेगळी वाट धरली. काँग्रेसला २४ आणि एमआयएमला ८ जागा मिळाल्या. मराठी मतांचे ऐक्य साधताना दुसऱ्या मतदारांना गृहीत धरता येत नाही, हे त्यातून दिसले.

याचा अर्थ ती मते कायमची गेली, असा नाही. माहीममध्ये २०२४ ची विधानसभा अवघ्या १,३१६ मतांनी जिंकली गेली होती. एवढ्या कमी अंतराच्या लढतींत प्रत्येक मोहल्ला आणि प्रत्येक चाळ निर्णायक असते. भाजपला रोखण्यासाठी मिळालेले मत आणि विश्वासापोटी मिळालेले मत मतपेटीत सारखेच दिसते; पण पहिले फेडावे लागते. उमेदवारीत वाटा आणि अडचणीच्या प्रसंगी ठाम भूमिका, हीच ती परतफेड. ती न करता पुढच्या निवडणुकीत पुन्हा उसने मागायला जाणाऱ्यास दार बंद आढळले, तर दोष मतदारांचा नसेल.