चाकावरची काळी भुकटी

परवा आम्ही एका गॅरेजात पाहिले, आपल्याच वस्तीतला पोरगा हवेच्या पाइपने गाडीच्या चाकातली काळी भुकटी उडवीत होता. बंधूंनो, ही साधी धूळ नव्हे. ब्रेक लायनरची आणि लोखंडाची ती झीज असते. जुन्या लायनरात अ‍ॅस्बेस्टॉसही असू शकते. ते छातीत बसले की वीस-तीस वर्षांनी दुखणे वर येते. रुमाल बांधूनही बारीक कण आत जातातच.

तेव्हा कोरडे झटकू नका. चाक थंड होऊ द्या, हळू पाणी सोडून भिजवा, साबणाच्या पाण्याने मऊ ब्रश फिरवा. हट्टी थर दोनतीनदा भिजवावा. काहीजण संडासाचे अ‍ॅसिड ओततात. त्याने अलॉयचे चाक डागाळते आणि हात भाजतात. अंगावरचे कपडे मात्र लेकरांच्या कपड्यांबरोबर धुऊ नका, वेगळे भिजवा.