विश्लेषण : हौशी मोटार शर्यतीत टक्कर झाली तर चूक कोणाची?

शनिवारी सकाळी ट्रेलरवर बांधून आणलेली जुनी मझदा मियाटा उतरवायची, दोन दिवसांत तीन-चार वेळा ती ट्रॅकवर जीव तोडून पळवायची आणि रविवारी रात्री पुन्हा बांधून घरी न्यायची. कारण सोमवारी दवाखाना, गॅरेज किंवा कचेरी उघडायची असते. अमेरिकेत हजारो माणसे हा छंद करतात. प्रवेश शुल्क, टायर, पेट्रोल, दुरुस्ती असा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून होतो. जिंकणाऱ्याला एक ट्रॉफी आणि चौकडीचा झेंडा हातात धरून मारलेली एक फेरी एवढेच मिळते. तरीही या शर्यतींत गाड्या आदळतात, माणसे जायबंदी होतात, कधी प्राणही जातात. आपल्याकडे चेन्नईजवळच्या ट्रॅकवर २०२३ च्या जानेवारीत एका अनुभवी चालकाचा असाच मृत्यू झाला. पैसा नाही, टीव्हीवर नाव नाही, अशा खेळात एवढा धोका पत्करला जातो तो कोणत्या नियमांच्या भरवशावर?

हौशी म्हणजे नवशिके का?

मुळीच नाही. हौशी याचा अर्थ एवढाच की शर्यत हे पोटापाण्याचे साधन नाही. अमेरिकेतील या खेळाची सर्वात मोठी संस्था म्हणजे ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’. ती १९४४ मध्ये स्थापन झाली. हॉलीवूडचा अभिनेता पॉल न्यूमन ‘विनिंग’ (१९६९) या चित्रपटाच्या निमित्ताने शर्यतीच्या गाडीत बसला आणि पुढे क्लबच्या शर्यतींत उतरला, तेव्हा त्याने पंचेचाळिशी ओलांडली होती. त्याने क्लबची चार राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली, त्यातली शेवटची दोन साठीच्या उंबरठ्यावर. मात्र नट म्हणून कितीही मोठे नाव असले तरी परवान्याची पायरी कुणालाच चुकत नाही. आधी डॉक्टरांचे तपासणीपत्र लागते. मग क्लबची चालकशाळा. त्यानंतर नवशिक्याच्या परवान्यावर शर्यती. तिथे किती वेगात गेलात यापेक्षा कसे वागलात हे पाहिले जाते, आणि अधिकाऱ्यांचे समाधान झाले तरच पूर्ण परवाना हातात पडतो.

वेग आणि कौशल्य यांची गल्लत इथे सर्वाधिक होते. वेग पैशाने विकत मिळतो. जास्त अश्वशक्तीची गाडी, नवे टायर, भाड्याने घेतलेला मेकॅनिक यांच्या जोरावर मध्यम कुवतीचा माणूसही सरळ रस्त्यावर सर्वांच्या पुढे जातो. कसलेला चालक ओळखायचा तो त्याच्या सातत्यावरून. दहा फेऱ्यांत दहा वेळा तो त्याच जागी ब्रेक लावतो, त्याच रेषेने वळतो, त्यामुळे मागच्याला त्याच्याबद्दल अंदाज बांधता येतो. ट्रॅकवर ज्याचा अंदाज येत नाही, त्याच्याइतका धोकादायक माणूस नाही, मग तो कितीही वेगवान असो.

हे नियम कुठून आले?

रक्तातून आले, असेच म्हणावे लागेल. युद्धानंतर न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन या गावात १९४८ पासून चक्क गावच्या रस्त्यांवर शर्यती होऊ लागल्या. प्रेक्षक फुटपाथवर उभे आणि गाड्या हाताच्या अंतरावरून जात. १९५० मध्ये तिथे सॅम कोलियर हा चालक मरण पावला. दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, एक गाडी प्रेक्षकांना घासून गेली आणि सात वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला. त्यानंतर गावच्या मुख्य रस्त्यावरून होणारी शर्यत थांबली. पुढची काही वर्षे अमेरिकी हवाई दलाचे जनरल कर्टिस लिमे यांनी शर्यतींसाठी लष्करी विमानतळ खुले करून दिले. १९५५ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये ‘रोड अमेरिका’ आणि १९५६ मध्ये वॉटकिन्स ग्लेनलाच कायमचा ट्रॅक उभा राहिला. प्रेक्षक अशा रीतीने धोक्यापासून दूर गेले. चालकांचे एकमेकांपासून रक्षण करण्याचा प्रश्न मात्र कायम राहिला, आणि तो कुंपणाने सुटणारा नव्हता.

ओव्हरटेक करताना जबाबदारी कोणाची?

सगळ्या भांडणाचे मूळ इथेच आहे. क्लबच्या नियमपुस्तकाची भूमिका वरवर साधी दिसते. गाड्यांचा एकमेकांना स्पर्श होऊ न देणे ही प्रत्येक चालकाची जबाबदारी. प्रत्येकाला ट्रॅकवर आपली गाडी ताब्यात ठेवता येईल इतकी जागा मिळण्याचा हक्क. पुढे जायचे की नाही हा निर्णय मागच्याचा, म्हणून ते सुरक्षितपणे पार पाडण्याची जबाबदारीही त्याचीच. पण पुढचाही मोकळा नाही. मागून कोणी येत आहे याचे भान त्याने ठेवायचे आणि त्याची अडवणूक करायची नाही.

प्रत्यक्षात काय होते पाहा. ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ५५ मीटर कापते. वळण जवळ येते. पुढच्याने ब्रेक लावला. मागच्याने अर्धा सेकंद उशिरा लावला आणि तो आतल्या बाजूला घुसला. तेवढ्या वेळात तो सुमारे २८ मीटर पुढे आलेला असतो. पुढचा चालक आपल्या नेहमीच्या रेषेने आत वळतो, तिथे आता दुसरी गाडी आहे, आणि दोन दरवाजे एकमेकांवर आदळतात. दोघेही गाडीतून उतरून तेच वाक्य बोलतात, ‘त्याने मला जागाच दिली नाही.’

जागा मिळण्याचा हक्क नेमका कधी निर्माण होतो, हा खरा मुद्दा. पुढचा चालक सुकाणू फिरवू लागण्याआधी मागच्या गाडीचे पुढचे चाक त्याच्या दरवाजाच्या आसपास पोहोचलेले असावे, असा ढोबळ संकेत अनेक ठिकाणी पाळला जातो. नुसते नाक मागच्या चाकाशी नेऊन टेकवले म्हणजे हक्क मिळत नाही. पुढच्याला तुम्ही दिसता तरी कुठे? इथे सुरक्षेच्या साधनांचीच एक अडचण आहे, जी बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. पाच-सहा पट्ट्यांनी आसनाला जखडलेला, मान आवळून धरणारे उपकरण लावलेला, हेल्मेट घातलेला चालक मान वळवून मागे पाहूच शकत नाही. त्याचे जग म्हणजे समोरची काच आणि दोन-तीन आरसे. आरशाच्या आंधळ्या कोपऱ्यातून झेप घेणारा ‘मला वाटले त्याने पाहिले असेल’ असे म्हणतो, तेव्हा तो आपली चूकच कबूल करत असतो.

यात भर पडते ती एकाच ट्रॅकवर वेगवेगळ्या वर्गांच्या गाड्या एकत्र धावण्याची. क्लबांना प्रत्येक वर्गासाठी स्वतंत्र शर्यत लावणे परवडत नाही, म्हणून वेगवान आणि मंद गाड्या एकत्र सोडल्या जातात. आपल्या वर्गातला पहिला क्रमांक राखण्यासाठी धडपडणारा मंद गाडीचा चालक आणि त्याला वाटेतला अडथळा समजणारा वेगवान गाडीचा चालक, दोघेही आपापल्या परीने शर्यतच करत असतात. अशा वेळी मंद गाडीने घाबरून बाजूला पळू नये, आपली रेषा धरून राहावे, असे शाळेत शिकवतात. ते ऐकायला उलटे वाटते, पण सौजन्य दाखवायला म्हणून अचानक मार्ग सोडणाऱ्यांमुळेही टक्कर होते.

आणि बरोबरीच्या गाड्यांचे काय? सारख्या ताकदीच्या मियाटा गाड्यांचा वर्ग तुलनेने स्वस्त म्हणून लोकप्रिय झाला. पण इंजिन सारखे, टायर सारखे, मग पुढे जायचे कसे? घोळक्यात बंपरला बंपर लावून धावणे हे तिथे रोजचेच. थोडा स्पर्श चालायचाच, ही समजूत अशाच घोळक्यात रुजते.

झेंडा दाखवणारा कोण असतो?

बहुतेक वेळा बिनपगारी स्वयंसेवक. ऊन-पावसात दिवसभर ट्रॅकच्या कडेला उभा राहणारा. स्थिर पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा, ओव्हरटेक बंद. तोच हलवला तर धोका मोठा आहे, थांबावेही लागेल. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. काळा म्हणजे पिटमध्ये या, तुमच्याशी बोलायचे आहे. लाल म्हणजे शर्यत थांबली.

पिवळ्या झेंड्याखाली ओव्हरटेक करणे हा नियमभंग सर्वात गंभीर मानला जातो, आणि तो मानला जावाच. कारण त्या वळणापलीकडे बंद पडलेल्या गाडीजवळ कोणी तरी माणूस पायी उभा असू शकतो. फॉर्म्युला वनसारख्या श्रीमंत खेळातसुद्धा हे मार्शल स्वयंसेवकच असतात. २००१ च्या ऑस्ट्रेलियन ग्रां प्रीमध्ये तुटून उडालेल्या चाकाने ग्रॅहम बेव्हरिज या मार्शलचा जीव घेतला, तोही असाच स्वखुशीने आलेला माणूस होता.

चुकीला शिक्षा होते का?

होते. पण कशी, हे क्लबावर अवलंबून. तक्रार कोणीही स्पर्धक करू शकतो. स्टुअर्ड साक्षी घेतात, गाडीतल्या कॅमेऱ्याचे चित्रण पाहतात, निकाल देतात, वर अपिलाचीही सोय असते. ‘पोर्शे क्लब ऑफ अमेरिका’ने आणि जुन्या गाड्यांच्या काही संस्थांनी याहून कडक वाट धरली. तिला तेरा-तेराचा नियम म्हणतात. टक्करीस जबाबदार ठरलात तर १३ महिने तुमच्यावर नजर, आणि त्या काळात पुन्हा दोषी ठरलात तर १३ महिने शर्यत बंद. बारा नव्हे, तेरा. म्हणजे पुढच्या वर्षीची तीच शर्यतही त्यात येते. बक्षिसाची रक्कमच नसलेल्या खेळात दंडाने कोणाचे काय बिघडते? ज्याची हौस आहे तीच काढून घेतली की दुखते.

असा नियम खेळाचा जोश मारतो, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. स्पर्शाच्या भीतीने कोणी पुढे जाण्याचा प्रयत्नच करेना, तर ती शर्यत न राहता मिरवणूक होईल. पण ज्याची गाडी दुसऱ्याच्या चुकीने चेपली त्याला ती स्वतःच्या पैशाने सरळ करावी लागते, आणि त्याचा पुढचा हंगाम कदाचित तिथेच संपतो. व्यावसायिक संघाच्या गाडीला जे परवडते ते इथे परवडत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. निवाडा देणारा स्टुअर्ड आणि दोषी चालक संध्याकाळी एकाच टेबलावर जेवतात. दोघे वीस वर्षांचे मित्र. ‘शर्यतीतली सहज घटना’ असा शेरा मारून प्रकरण मिटवणे सर्वांना सोयीचे असते. ‘सहज घटना’ असतातच. दोघांनीही वाजवी निर्णय घेतला आणि तरी चाके भिडली असे होते. मात्र एकाच चालकाच्या खात्यावर हंगामात तीन सहज घटना जमल्या, तर तो शब्द बदलायला हवा. कॅमेऱ्यामुळे हे थोडे सुधारले आहे, कारण चित्रणाला मैत्री नसते. चित्रण मागवायचे की नाही हे मात्र अजून माणसेच ठरवतात.

साधनांनी काय साधले?

बरेच काही. मानेचे रक्षण करणारे ‘हान्स’ हे उपकरण मिशिगनमधील जैवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतीतले चालक जिम डाउनिंग यांनी १९८० च्या दशकात घडवले. समोरून धडक झाली की धड पट्ट्यांमुळे जागीच राहते आणि हेल्मेटसह डोके पुढे फेकले जाते. तो ताण कवटीच्या तळाशी येतो. ‘हान्स’ डोक्याला तिथेच रोखते. अनेक वर्षे चालकांनी ते अवजड म्हणून नाकारले. फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाला डेल अर्नहार्ट गेला, तेव्हा सर्वांचे डोळे उघडले. क्लबच्या हौशी शर्यतींत मानेचे संरक्षण सक्तीचे व्हायला त्यानंतरही सुमारे एक दशक गेले.

भारतात काय स्थिती आहे?

आपल्याकडेही या खेळाची मुळे हौशी क्लबांतच आहेत. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ पासूनचा. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती घेत घेत १९९० च्या सुमारास त्याने श्रीपेरुम्बुदूरजवळ स्वतःचा ट्रॅक उभारला. कोइम्बतूरजवळचा करी ट्रॅक आणि २०११ मधला ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट हे नंतरचे. राष्ट्रीय स्पर्धेत उतरण्यासाठी महासंघाचा परवाना लागतो.

८ जानेवारी २०२३ रोजी श्रीपेरुम्बुदूरच्याच ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेतील सलून गाड्यांच्या शर्यतीत के. ई. कुमार यांच्या गाडीचा प्रतिस्पर्धी गाडीशी संपर्क झाला, ती ट्रॅकबाहेर गेली, कुंपणावर आदळून उलटली आणि त्यांचा मृत्यू झाला. ते ५९ वर्षांचे होते, अनेक वर्षे शर्यतींत मुरलेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच ट्रॅकवर दुचाकी शर्यतीत १३ वर्षांचा एक मुलगा गेला. अशा प्रत्येक अपघातानंतर चौकशी होते. तिचा निष्कर्ष प्रत्येक परवानाधारकाच्या हातात, त्याला कळेल अशा भाषेत पडला पाहिजे. गाडी तिथे का वळली, कुंपण तसे का होते, मदत किती वेळात पोहोचली, हे पुढच्या शर्यतीआधी ठाऊक नसेल तर परवाना कसली ग्वाही देतो?

मुंबई-पुण्याच्या शौकिनांनी यातली एक गोष्ट कागद काढून तपासावी. खासगी मोटारीच्या विम्यात ‘वापराच्या मर्यादा’ असे एक कलम असते. संघटित शर्यत, वेगाची चाचणी हे वापर त्यात वगळलेले असतात. ट्रॅकवर चेपलेली गाडी नेहमीच्या विम्यातून भरून मिळेल, या भ्रमात राहू नये. आणि ट्रॅक दूर पडतो म्हणून पहाटेच्या रिकाम्या महामार्गावर जमणाऱ्या घोळक्यांसाठी मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ आहे. शासनाच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एक-दोन कोटींची गाडी घेणाऱ्याला पाच हजारांचे काय वाटणार, हा प्रश्न आहेच. महामार्गावर पिवळा झेंडा धरणारा कोणी नसतो, आरशात कोण येते आहे हे शिकवणारी शाळा नसते, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराने कोणत्याही शर्यतीचा अर्ज भरलेला नसतो.