सांथ, सक्ती आणि विश्वास

सांथीच्या काळीं सरकारनें सक्ती करावी काय, हा प्रश्न 2020 सालच्या कोरोनानें पुनः घरोघर उभा केला. तेव्हां आपल्या राज्यांत लागू झालेला कायदा 1897 सालीं प्लेगसाठींच झालेला होता. म्हणून आम्ही उत्तरही त्या प्लेगकडेच मागतों.

त्या वर्षीं पुण्यांत रँडसाहेबांच्या अमलाखालीं गोरे सोजीर घरांत, देवघरांतही शिरले. हेतु रोगी शोधण्याचा. परंतु भयानें लोक रोगी लपवूं लागले. 22 जून रोजीं रँडसाहेबांवर गोळी झाडण्यांत आली. त्याच वर्षीं, त्याच शहरांत सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. 10 मार्च रोजीं त्याच रोगानें त्यांचा अंत झाला. त्यांच्यापाशीं हुकूम नव्हता, दया होती.

हुकूम नकोच, असें आमचें म्हणणें नाहीं. एकाच्या हट्टानें शेजाऱ्याचा जीव धोक्यांत येत असेल, तर नियम हवाच. परंतु हुकूम दारापर्यंत जातो. दार आंतून उघडावयास विश्वास लागतो.

विद्यार्थीमित्रहो, उद्यां तुमच्यापैकीं कोणी अधिकारी होतील. हुकूम काढण्यापूर्वीं लोकांस त्याचें कारण समजावून सांगा. आणि आज, नियम पाळणें हा प्रभूनें शिकविलेला शेजारधर्मच आहे, असें माना.