जुन्या पिकअपला आधी कॅमेरा, म्युझिक सिस्टीम नंतर



"येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस्स!"

नांदेडच्या नव्या मोंढ्यात नाहीतर लातूरच्या गंजगोलाईत सकाळी दहा वाजता उभे राहा, हा आवाज तुम्हाला ऐकू येणारच. एक पोरगं पिकअपच्या मागे उभं राहून हौद्यावर थाप मारतंय आणि ड्रायव्हर त्याच्या आवाजावर गाडी मागे घेतोय. पोरगं सुट्टीवर असलं की ड्रायव्हर दार उघडून अर्धं अंग बाहेर काढतो आणि देवाचं नाव घेतो.

मागच्या बॅचमधल्या नांदेडच्या एका मुलानं जुनी पिकअप घेतली. कोल्ड्रिंक आणि बिस्किटांची लाइन, नांदेड ते लोहा आणि पुढं अहमदपूरपर्यंत. हिशोब दाखवायला आला तर त्यात सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम आणि एलईडीची पट्टी मिळून नऊ हजार. मी विचारलं, रिव्हर्स कॅमेरा? तर म्हणतो, "सर, कॅमेरा कारला असतो. पिकअपला कोण लावायलंय?"

मला राग आला, आणि त्याचं कारण सांगतो. ट्रेनिंग द्यायला लागण्याआधी मी लातुरात किराणा मालाची डिलिव्हरी करायचो, सेकंड हँड पिकअपवर. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, पण आपली गाडी वळवायला जागा एकाही रस्त्यावर नसते. एकदा मागे घेत होतो. दोन्ही आरसे मोकळे होते. अचानक कुणीतरी हौद्यावर जोरात हात आपटला म्हणून ब्रेक मारला. उतरून बघतो तर एक हमाल मामा पाठीमागं वाकून पोतं बांधत होते. टायर आणि त्यांच्यात हातभर अंतर. त्यांनी मला दोन शिव्या हासडल्या, पोतं खांद्यावर घेतलं आणि गेले. मला मात्र तासभर गाडीला चावी लावता आली नाही.

वीस वर्षं गाडी चालवणारे म्हणतात, आरसा पुरेसा आहे. अहो, आरसा बाजू दाखवतो. आठ-नऊ फुटांचा हौदा, त्यात वरपर्यंत माल. मागची काच असून नसल्यासारखी. बरोबर मागे वाकलेला माणूस किंवा उभं असलेलं लेकरू कोणत्याच आरशात दिसत नाही. हा ड्रायव्हरच्या हुशारीचा प्रश्नच नाही.

अमेरिकेत २००२ मध्ये दोन वर्षांचा कॅमेरॉन गुलब्रान्सन स्वतःच्या घरासमोर वडिलांच्या मागे येणाऱ्या गाडीखाली गेला. बाप स्वतः लहान मुलांचा डॉक्टर. त्या लेकराच्या नावानं २००८ मध्ये कायदा झाला, आणि सगळ्या नव्या कार-पिकअपना कॅमेरा सक्तीचा व्हायला मे २०१८ उजाडला. आपल्याकडं १ जुलै २०१९ पासून नव्या कारला मागचे सेन्सर आले. पण तुमची-माझी जुनी पिकअप यात कुठंच बसत नाही. तिचं आपल्यालाच बघावं लागणार.

आता धंद्याची भाषा. साधा वायरचा कॅमेरा, छोटी स्क्रीन आणि मजुरी मिळून तीन-चार हजारांत काम होतं. एक टेललाइट फुटली, दुकानदाराच्या शटरला पोचा आला, भांडणात अर्धा दिवस गेला की तेवढे पैसे गेलेच. गाडीच्या दुरुस्तीसाठी विम्याचा क्लेम केला तर नो क्लेम बोनसवर पाणी. आणि माणसाला लागलं तर त्याचा हिशोब मी वहीत मांडू शकत नाही.

पण लावताना डोकं चालवा. कारवाला फिटर पिकअपलाही कारसारखाच कॅमेरा फाळक्यावर लावून देतो. पहिल्याच डिलिव्हरीला फाळका खाली पडला की कॅमेरा जमीन बघत बसतो, नाहीतर फुटतो. फाळक्याच्या खाली, नंबर प्लेटजवळच्या पक्क्या पट्टीवर, थोडा आत दबवून लावायचा. म्हणजे धक्क्याला टेकतानाही मार बसत नाही.

दुसरं, कॅमेऱ्याला करंट बहुतेक वेळा रिव्हर्स लाइटच्या वायरवरून देतात. जुन्या गाड्यांत ती लाइटच बंद असते, कारण गिअरबॉक्सवरचा स्विच गेलेला असतो. मग माणूस दुकानदाराला म्हणतो, कॅमेरा खराब दिला! आधी गिअर टाकून लाइट लागते का बघा. रात्री त्याच उजेडात कॅमेऱ्याला दिसतं, म्हणून बल्बही चांगला टाका. वायर सायलेन्सरपासून लांब, पाइपातून न्या आणि फ्यूज टाकाच. स्वस्तातला वायरलेस मी घेणार नाही, ऐन गर्दीत चित्र हलतं.

स्क्रीनवरच्या हिरव्या-लाल रेघांवर लगेच विश्वास ठेवू नका, त्या तुमच्या गाडीसाठी आखलेल्या नसतात. मोकळ्या जागेत फाळक्यापासून एक मीटरवर वीट ठेवा, ती कोणत्या रेघेवर दिसते ते बघा. उजवीकडचा माणूस स्क्रीनवरही उजवीकडेच दिसला पाहिजे. उलटा दिसत असेल तर सेटिंग बदलून घ्या. रोज सकाळी काच पुसताना कॅमेऱ्यावरही फडकं मारायचं. सोयाबीनच्या हंगामात तर मोंढ्यातली धूळ दुपारपर्यंत चित्र खाऊन टाकते.

एक गोष्ट मला अजिबात पटत नाही. कॅमेरा आला म्हणून मागे उभं राहणाऱ्या पोराचा पगार वाचवायचा विचार काहीजण करतात. बाजूनं घुसणारी मोटारसायकल त्या छोट्या स्क्रीनमध्ये उशिरा येते. पोरगं असू द्या. फक्त त्याला गाडीच्या बरोबर मागे नाही, बाजूला, आरशात दिसेल असं उभं करा.

त्या मुलाला मी म्युझिक सिस्टीम परत करून ये म्हटलं. दुकानदारानं घेतली नाही. मग एलईडीची पट्टी परत केली, वरचे पैसे घातले आणि परवा कॅमेरा बसवला. रात्री फोन आला, "सर, मागं एवढं काय काय असतंय हे आत्ता कळायलंय."